अंडरआर्म टाकली, मॅच जिंकलो, आता चहाला कोणी विचारत नाही

बेसलाइनचा_बंड्या | सोमवार, रात्री ९:४०

बरेच दिवस नुसतंच वाचतोय इथं, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या क्लबात (नाव नको, पुण्यात आहे एवढं पुरे) दर दिवाळीनंतर आपापसातली टेनिसची डबल्स असते. चिठ्ठ्या टाकून जोड्या, एक तरणा एक सीनियर असा हिशोब. मातीचं कोर्ट, पहाटे पाणी मारून रोलर फिरवलेला, चुन्याच्या रेघा. मी ३८, माझे पार्टनर बँकेतून रिटायर झालेले. समोर एक डॉक्टर, पंचेचाळिशीचे, आणि त्यांच्याबरोबर काका. काका ६६. नाव लिहीत नाही, काकाच म्हणतो. मी क्लबात नवीन होतो तेव्हा दोन महिने रोज येऊन भिंतीवर खेळून घरी जायचो, कोणी चौथा म्हणून घ्यायचं नाही, तेव्हा "अरे ये रे, उभा राहा तिकडे" म्हणून पहिल्यांदा कोर्टात घेतलं ते यांनीच.

तर फायनल. आठ गेमचा प्रो-सेट, म्हणजे एकच लांबलचक सेट. सात-सहा आम्ही, सर्व्हिस माझी, थर्टी-ऑल, म्हणजे जिंकायला अजून दोन पॉइंट. माझी पहिली सर्व्हिस जरा जड जाते म्हणून काका बेसलाइनच्या मागे चांगली चार-पाच पावलं, मागच्या जाळीला जवळजवळ टेकून उभे. उजव्या गुडघ्याला नी-कॅप. मी बॉल दोनदा आपटला, वर बघितलं, आणि काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, वर टाकायच्या ऐवजी खालूनच, अंडरआर्म, कट मारून सोडला. नेटच्या जेमतेम पलीकडे पडला आणि बाहेरच्या बाजूला वळला. मला वाटलं काका सोडून देतील. नाही सोडला. निघाले. बूट मातीवर घसरल्याचा तो खर्रकन आवाज अजून कानात आहे माझ्या. रॅकेट पुढे काढली तोवर दुसरा टप्पा पडला होता आणि ते गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभे. फॉर्टी-थर्टी. पुढचा रिटर्न डॉक्टरांनी नेटमध्ये घातला. संपलं.

बाकावर पंधरा-वीस जण होते, टाळी एकाचीही नाही. काकांनी हात मिळवला, "वेल प्लेड" म्हणाले. डॉक्टर मात्र सरळ म्हणाले, हे असले धंदे कॉलेजात ठेवायचे. त्याला आता तीन आठवडे झाले. खेळ झाला की क्लबच्या कट्ट्यावर चहा असतो आमचा, तिथं मी गेलो की विषय बदलतो. काका तर चहाला थांबतच नाहीत आता, बॅग उचलतात आणि जातात.

माझा प्रश्न सरळ आहे. नियमात बसतं ना? मग माझं चुकलं कुठं?

---

रुमालटाक्या | सोमवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

---

नियमबुवा | सोमवार, रात्री १०:१५

बसतं. शंभर टक्के बसतं. नियमात एवढंच आहे की बॉल हातातून सोडायचा, कुठल्याही दिशेनं, आणि जमिनीला लागायच्या आत रॅकेटनं मारायचा. वरून मारा, खालून मारा, बाजूनं मारा. टप्पा पाडून मारली तर मात्र फॉल्ट.

फक्त एक बघायचं. रिसीव्हर तयार होता का? तो तयार नसताना सर्व्हिस टाकता येत नाही. पण त्यानं परतवायचा प्रयत्न केला म्हणजे तो तयारच होता असं धरतात. तुमचे काका धावले म्हणताय, म्हणजे तोही प्रश्न मिटला. डॉक्टरसाहेबांना नियमाचं पुस्तक भेट द्या.

---

चिंचवडचा_लेफ्टी | सोमवार, रात्री १०:३१

१९८९ ची फ्रेंच ओपन आठवा राव! मायकल चँग, १७ वर्षांचं पोरगं, समोर लेंडल, जगात एक नंबर. पोरगं पहिले दोन सेट हरलेलं, पाचव्या सेटमध्ये पायात गोळे येतायत, उभं राहवत नाहीये, चेंजओव्हरला केळी खातंय पाणी पितंय, आणि चार-तीनला फिफ्टीन-थर्टी असताना खालून सर्व्हिस. लेंडलचं डोकं गेलं ते गेलंच. मॅच पॉइंटला तर चँग रिटर्नला सर्व्हिस लाइनच्या जवळ जाऊन उभा राहिला, लेंडलची डबल फॉल्ट. आणि नुसती ती मॅच नाही, पोरगं आख्खी स्पर्धा जिंकलं. आज कोणी त्याला फसवा म्हणतं का? सगळे हुशारच म्हणतात.

बंड्या, तू आमचा चँग. झोप शांत.

---

मीनाताई_मिक्स्डवाल्या | सोमवार, रात्री ११:०५

लेफ्टी, चँगची गोष्ट सगळेच सांगतात, दहा वर्षांनंतरची त्याच कोर्टावरची पण सांगा की. १९९९ ची फायनल, हिंगिस विरुद्ध स्टेफी ग्राफ. हिंगिस आधी नेट ओलांडून पलीकडे बॉलचा मार्क बघायला गेली, त्यावरून पब्लिक बिथरलेलं, आणि शेवटी मॅच पॉइंट वाचवायला तिनं खालून सर्व्हिस टाकली तर अशी हुर्यो उडवली की पोरगी रडत आत गेली, आई हाताला धरून परत घेऊन आली. सर्व्हिस तीच, नियम तोच. चँगच्या पायात गोळे होते आणि समोर तगडा लेंडल होता. हिंगिसच्या समोर सगळ्यांची लाडकी स्टेफी होती. म्हणजे लोक सर्व्हिस बघतच नाहीत, कोण कोणाला टाकतंय ते बघतात. बंड्यानं गुडघ्याला पट्टा लावलेल्या माणसाला टाकली, तिथं घोडं पेंड खातंय.

आता माझं रडगाणं. मी मिक्स्ड खेळते बावीस वर्षं. मिक्स्डमध्ये नियमात बसणारी सगळ्यात मोठी चाल कुठली माहितीये? प्रत्येक बॉल बाईवर. सर्व्हिस बाईवर, रिटर्न बाईवर, ओव्हरहेड मिळाला तर तोही नेटवर उभ्या बाईच्या पायात. नियमात काहीच चूक नाही, समोर जो कच्चा वाटेल त्याच्यावर मारायचं हा डबल्सचा धर्म आहे. मी तक्रार केली नाही कधी. उलट मला राग कशाचा येतो सांगू? जे मला बघून सर्व्हिस हळू टाकतात त्यांचा. चेहऱ्यावर एक मऊ हसू आणतात आणि लहान पोराला टाकावा तसा बॉल देतात. मी तो त्यांच्याच नवीन बुटांवर परत देते.

तेव्हा काकांना आधी विचार बंड्या, त्यांना वाईट कशाचं वाटलंय. तू गृहीत धरून बसलायस.

---

ठोकळा | मंगळवार, सकाळी ७:२०

अवांतर: हे सगळं मंकडिंगसारखं आहे. १९४७ ला विनू मंकडनं सिडनीला ब्राऊनला नॉन-स्ट्रायकर एंडला धावबाद केलं, क्रीज सोडत होता तो आणि आधी ताकीदही दिली होती, तरी नाव कोणाचं खराब झालं, तर मंकडचं. पुढे अश्विननं बटलरला केलं, दीप्ती शर्मानं लॉर्ड्सवर केलं, दर वेळी तोच गोंधळ. शेवटी २०२२ ला एमसीसीनं (क्रिकेटचे नियम करणारा क्लब) ते 'अनफेअर प्ले'च्या कलमातून काढून साध्या रनआऊटमध्ये टाकलं.

---

चिंचवडचा_लेफ्टी | मंगळवार, सकाळी ७:४४

ठोकळ्या, तू स्वयंपाकाच्या धाग्यावरपण क्रिकेट आणशील.

---

ठोकळा | मंगळवार, सकाळी ७:५१

आणीन. आणि आता आणलंच आहे तर पूर्ण करतो. १९८०, वानखेडे, ज्युबिली टेस्ट. माझे वडील नॉर्थ स्टँडला होते. इंग्लंडचा अर्धा संघ परतलेला, बॉब टेलरला अंपायरनं आऊट दिलं, कॅप्टन विश्वनाथला वाटलं बॅट लागली नाही, त्यानं बोलावून परत आणला. टेलर आणि बोथमनं मग १७१ ची पार्टनरशिप ठोकली आणि आपण दहा विकेटनी हरलो. वडील अजून दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात, "काय माणूस होता विशी" आणि "घालवली मॅच फुकट". दोन्ही खरंच वाटतं त्यांना. बंड्याच्या बाकावर टाळी वाजली नाही म्हणतोय ना, ते पंधरा-वीस जण घरी जाऊन म्हणाले असतील की डोकं लावलं बाकी पोरानं.

---

गुडघे_दोन | मंगळवार, सकाळी १०:१०

मी त्या काकांच्याच वयाचा, ६४. माझ्यातर्फे लिहितो.

आमच्याकडे तुमच्यासारखे तिशी-चाळिशीचे येतात, आडदांड मारतात, आणि आम्ही दोन म्हातारे त्यांना ड्रॉप, मग डोक्यावरून लॉब, मग परत ड्रॉप असं पळवून पळवून सहा-दोन मारतो. मग ते बाटलीतलं पाणी पिताना पुटपुटतात, "हे काय टेनिस आहे का, नुसतं ढकलायचं". आता बोला. आम्ही तुमच्या पायांवर खेळतो ते फसवं, आणि तुम्ही आमच्या रिफ्लेक्सवर दीडशेच्या स्पीडनं सर्व्हिस मारता ते मर्दानी?

मी बेसलाइनच्या पाच पावलं मागे उभा राहतो तेव्हा मी एक जागा मोकळी सोडलेली असते, आणि ती मोकळी आहे हे मला माहीत असतं. तिथं कोणी बॉल टाकला तर तो माझा हिशोब चुकला. उलट एखाद्यानं माझ्या गुडघ्याकडे बघून तिथं टाकला नाही, तर मी त्या दिवशी घरी जाऊन रॅकेट विकायला काढीन.

आमच्या ग्रुपात एक जण आहेत, फ्रोझन शोल्डर झाल्यापासून दोन वर्षं खालूनच सर्व्हिस करतात. कोणी ब्र काढत नाही. आणि अशी घाणेरडी फिरते की विचारू नका. सगळ्यात जास्त एसेस (समोरच्याची रॅकेटही न लागणाऱ्या सर्व्हिस) त्यांच्याच.

मात्र एक. डबल्समध्ये नेटवर उभ्या माणसाच्या तोंडावर मुद्दाम मारणं, हेही नियमात बसतं. बॉल अंगाला लागला तर पॉइंट मारणाऱ्याचाच. २०१९ च्या विम्बल्डनला किरियॉसनं नदालच्या अंगावर मारला आणि माफी मागणार नाही म्हणाला, तर तो नदाल आहे, रॅकेट आडवी घालू शकतो. आमच्याकडे बायफोकल लावून नेटवर उभे असतात लोक. तिथं मारलात तर माझ्याकडून चहा बंद.

---

नियमबुवा | मंगळवार, दुपारी १२:३५

गुडघेकाका, भर घालतो. सर्व्हिस टप्पा पडायच्या आधी रिसीव्हरच्या पार्टनरच्या अंगाला लागली तरी पॉइंट सर्व्हरचाच. आमच्या कॉलनीत एकजण हे वाचून आला आणि नेटवरच्या माणसावर नेम धरून सर्व्हिस मारायला लागला. दोन रविवार मारली. तिसऱ्या रविवारी त्याला खेळायला तिघंजण मिळेनात.

---

बे_एरियाचा_बाळ्या | मंगळवार, दुपारी १:४०

इकडे रात्र आहे, झोप येत नाहीये म्हणून लिहितो. इकडे अमेरिकेत लीग असते, तिथं ३.०, ३.५, ४.० अशा लेव्हल असतात आणि नवीन माणसानं सुरुवातीला स्वतःची लेव्हल स्वतः सांगायची. झालं. कॉलेजात टीमकडून खेळलेला पठ्ठ्या मी अगदीच कच्चा हो म्हणत ३.५ मध्ये येतो आणि आमच्यासारख्यांना ज्यांनी वयाच्या पस्तिशीत रॅकेट हातात धरली त्यांना सहा-लव्ह (म्हणजे सहा-शून्य) सहा-एक मारून जातो. दुसरं म्हणजे टीमचा कॅप्टन आपली सगळ्यात कच्ची जोडी मुद्दाम एक नंबर कोर्टवर बळी द्यायला ठेवतो म्हणजे तुमचे तगडे तिथं वाया जातात आणि खालची दोन कोर्टं तो घेतो. आमच्या लीगमध्ये याला बंदी नाही. आमचा कॅप्टन गुजराती आहे तो तर एक्सेल शीट करून ठरवतो.

पण खरं सांगू, इतक्या वर्षांत भांडणं बघितली ती या कशावरून नाही. सगळी लाइन कॉलवरून. अंपायर नसतो, आपल्या बाजूचा कॉल आपणच द्यायचा. इकडे त्याची लिखित आचारसंहिताच आहे, शंका असेल तर फायदा समोरच्याला. बॉल नक्की बाहेर दिसला तरच आऊट. ९९ टक्के बाहेर म्हणजे आत. आमच्यात एक आहे त्याला आम्ही हॉक-आय (मोठ्या मॅचमध्ये बॉल आत की बाहेर सांगणारी कॅमेऱ्याची यंत्रणा) म्हणतो कारण त्याला तेवढा एकच बॉल स्पष्ट दिसतो जो त्याला पोचलेला नसतो.

---

मार्करचा_पोरगा | मंगळवार, रात्री ८:१८

हा धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील एका जुन्या क्लबात मार्कर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्कर म्हणजे क्लबनं ठेवलेला माणूस, कोर्ट तयार करून घ्यायचं आणि साहेब लोकांना जोडीदार नसेल तर त्यांच्याशी खेळायचं. मी शाळा सुटली की बॉल उचलायला जायचो.

मार्करचं कसब कशात असतं माहितीये? साहेबाला हरवायचं नाही, पण जिंकू दिलं असंही वाटू द्यायचं नाही. सहा-चार. सहा-लव्ह हरलात तर साहेब म्हणतो काय मजा नाही, सहा-चार जिंकलात तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मार्करला बोलावतो. वडील इतके बेमालूम चुकायचे की बॉल नेटच्या पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडायचा. चीट कोण करत होतं तिथं, सांगा. ते कुठल्या नियमात बसतं?

आणि मार्करनं साहेबांच्या मॅचमध्ये कॉल द्यायचा नाही. बॉल एक वीत आत पडलेला असला तरी. कोणी विचारलंच, "काय रे, आत की बाहेर", तर म्हणायचं, "साहेब, ऊन डोळ्यावर होतं." एकदा मी पोरवयात पटकन बोलून गेलो, "आत होता". साहेब काही बोलले नाहीत. वडिलांनी घरी आल्यावर नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर मीपण ऊन डोळ्यावर असलेलाच.

तर बॉल उचलणाऱ्याच्या जागेवरून सांगतो. अंडरआर्म, ड्रॉप, लॉब, अंगावर मारणं, हे सगळं उघड्यावर होतं. सगळ्यांना दिसतं, आवडो न आवडो. बाळ्यानं लिहिलंय तेच खरं, घाण असते ती रेघेवर. मातीच्या कोर्टवर तर खोटं बोलायला जास्तच हिंमत लागते कारण मार्क राहतो. बॉल जिथं पडला तिथं लंबगोल डाग, चुन्याला शिवला असेल तर चुना उडालेला असतो. आऊट म्हणणारा माणूस जर चटकन जाऊन त्या मार्कवरून पाय फिरवत असेल तर समजून जायचं. आणि जो बघायलाच जात नाही, पाठ फिरवून सर्व्हिसच्या जागेकडे चालायला लागतो, तो त्याच्याहून पोचलेला.

---

रुमालटाक्या | मंगळवार, रात्री ८:५०

मार्करचा_पोरगा, कडक. वेगळा धागा काढा यावर.

---

चिंचवडचा_लेफ्टी | मंगळवार, रात्री ९:१२

मान्य. रेघेच्या बाबतीत मोठ्यांची उदाहरणं पण आहेत. विलँडर, १९८२ फ्रेंच ओपन सेमीफायनल, हाही १७ चाच. मॅच पॉइंटला क्लर्कचा बॉल आऊट दिला, मॅच संपली, आणि हा अंपायरकडे जाऊन म्हणतो नाही नाही बॉल आत होता. पॉइंट परत खेळले, परत जिंकला, पुढे स्पर्धाही जिंकला. आणि रॉडिक, २००५ रोम, मॅच पॉइंटवर व्हर्दास्कोची दुसरी सर्व्हिस आऊट दिली तर यानं स्वतः मार्क दाखवला, आत आहे म्हणाला. तो मात्र पुढे मॅच हरला.

---

गुडघे_दोन | मंगळवार, रात्री ९:३०

हरलेल्याची गोष्ट जास्त खरी वाटते मला.

---

मीनाताई_मिक्स्डवाल्या | मंगळवार, रात्री ९:४१

धागाकर्ते कुठं गेले? आग लावून पळाले काय?

---

बेसलाइनचा_बंड्या | मंगळवार, रात्री ११:५८

इथंच आहे. सगळं वाचलं. मार्करच्या_पोराचा प्रतिसाद दोन-तीनदा वाचला. मग जेवलो, मग परत वाचला.

एक गोष्ट लिहिली नव्हती. सहा-सहाचा गेम. सर्व्हिस डॉक्टरांची, फॉर्टी-थर्टी त्यांचे. मोठी रॅली झाली, मी नेटवर घुसलो आणि काकांनी माझ्या डाव्या हाताला, रेघेच्या कडेनं फोरहँड काढला. मी वळेपर्यंत बॉल मागे गेला होता. मी आऊट म्हणलो. बोट वर केलं आणि सरळ माझ्या जागेवर चालत गेलो. माझे पार्टनर पलीकडच्या बाजूला होते, त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता. ड्यूस झाला, म्हणजे बरोबरी, मग आम्ही ब्रेक केला, त्यांच्या सर्व्हिसचा गेम आम्ही घेतला, मग सात-सहा, मग ती अंडरआर्म.

बॉल आत होता की बाहेर, मला खरंच माहीत नाही. मला दिसला नाही. दिसला नाही म्हणजे आत धरायचा हे मला माहीत होतं, पंधरा वर्षं खेळतोय. तोंडातून आऊट आलं. आणि मार्क बघायला मी गेलो नाही हेही खरं.

अंडरआर्मबद्दल विचारत बसलो कारण ती नियमात बसते.

---

नियमबुवा | बुधवार, सकाळी ६:५५

नियम सांगतो म्हणजे वाद नको. अंपायर नसलेल्या मॅचमध्ये चुकून आऊट म्हणलात आणि तेव्हाच्या तेव्हा लक्षात आलं तर पॉइंट परत खेळतात. पण समोरच्याचा तो विनरच (पॉइंट जिंकणारा फटका) असेल, तर पॉइंट सरळ त्याचा. तुमच्या वर्णनावरून विनर होता. म्हणजे गेम त्यांचा, सात-सहा ते पुढे.

तीन आठवड्यांनी काय करायचं ते नियमात नाही.

---

ठोकळा | बुधवार, सकाळी ७:३०

आता मी क्रिकेट आणत नाही.

---

मार्करचा_पोरगा | बुधवार, सकाळी ८:०५

बंड्या, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. माझ्या वडिलांच्या पस्तीस वर्षांत एकाही साहेबानं मागाहून येऊन असं म्हणलेलं नाही. पण इथं आम्हाला सांगून काय उपयोग, आम्ही कोण.

---

मीनाताई_मिक्स्डवाल्या | बुधवार, सकाळी ९:२०

जा आणि सांग. फोनवर नको. मेसेज तर मुळीच नको, मेसेजला काका अंगठा पाठवतील आणि तू तेवढ्यावर समाधान मानशील.

---

गुडघे_दोन | बुधवार, सकाळी ९:४५

आणि भाषण करू नकोस. आमच्या वयाला सकाळी सातला भाषण सोसत नाही.

---

बे_एरियाचा_बाळ्या | बुधवार, सकाळी १०:३०

मी तिकडच्या एका मॅचनंतर असाच गेलो होतो सांगायला तर समोरचा म्हणाला कुठली मॅच. त्याला आठवतच नव्हतं. मी सहा महिने कुढत होतो हो.

---

बेसलाइनचा_बंड्या | शुक्रवार, रात्री १०:२०

सांगितलं. लिहितो, विचारताय म्हणून.

काल सकाळी मुद्दाम साडेसहाला गेलो. माळी पाणी मारत होता, काका बाकावर बसून नी-कॅपचे पट्टे आवळत होते. मी म्हणलं काका, फायनलचं एक बोलायचं होतं. ते वर न बघता म्हणाले, "ती खालची सर्व्हिस ना? चांगली होती. मी फार मागे उभा राहतो, बायको पण म्हणते." मी म्हणलं ती नाही, सहा-सहाचा बॉल. तेव्हा पट्टा आवळायचं थांबले.

म्हणाले, "फॉर्टी-थर्टीचा."

मी काय बोलणार होतो ते सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातलं काही आलं नाही. एवढंच म्हणलं की मला दिसला नव्हता आणि मी आऊट दिला. काका म्हणाले, "आत होता. चुना उडालेला मला इकडून दिसला. डॉक्टरला मी बोललो नाही, तो तिथंच भांडत बसला असता. कॉल तुझा होता." आणि मग जरा वेळानं म्हणाले, "तू बघायला गेला नाहीस रे. एरवी जातोस."

एवढंच. रागावले नाहीत आणि जाऊ दे असंही म्हणाले नाहीत. चषकाचं विचारलं मी, परत देऊ का, तर म्हणाले वेडा आहेस का, त्यावर तुझ्या पार्टनरचं पण नाव आहे, त्याच्या सुनेनं शोकेसमध्ये ठेवलाय.

चहाचं म्हणाल तर ते निराळंच निघालं. काकांची शुगर वाढलीय, डॉक्टरांनी (ते पार्टनर डॉक्टरच) कट्ट्यावरचा गोड चहा बंद केलाय, म्हणून ते थांबत नाहीत. माझा काही संबंध नव्हता. डॉक्टर अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचं मात्र अंडरआर्मवरूनच आहे. त्यांना सहा-सहाचं अजून माहीत नाही. ते मीच सांगायचंय, काका सांगणार नाहीत म्हणाले.

---

मीनाताई_मिक्स्डवाल्या | शुक्रवार, रात्री १०:४४

"एरवी जातोस." बाप रे.

---

चिंचवडचा_लेफ्टी | शुक्रवार, रात्री ११:०२

डॉक्टरांना सांगताना हेल्मेट घालून जा. अंगावर मारणारे असतील तर गुडघेकाकांच्या नियमानं त्यांचा चहा बंद.

---

गुडघे_दोन | शनिवार, सकाळी ६:०५

तुम्ही खेळायला कधी लागणार परत ते लिहा.

---

बेसलाइनचा_बंड्या | शनिवार, सकाळी ९:५०

आजच खेळलो. एकाची पाठ धरली म्हणून त्यांना चौथा कमी होता, काकांनी हाक मारली. काकांच्याच समोर होतो. एक बॉल रेघेजवळ पडला माझ्या, मी गेलो बघायला, खाली वाकून बघितला. बाहेर होता, चांगला दोन बोटं. आऊट म्हणालो तर काका तिकडून ओरडले, "नीट बघ!"

परत वाकून बघितला.